सहकुटुंब सपरिवार तूरडाळ

काशीला गेलं की आपला एखादा आवडता पदार्थ गंगेवर सोडून यायचा असतो. आवडता सोडावा, असं शास्त्र सांगतं. यजमान कारलं सोडतात. वेणीमाधव गुरुजींनी उभं आयुष्य दशाश्वमेध घाटावर बसून महाराष्ट्रातल्या मंडळींकडून हा विधी करवून घेतला होता. त्यांच्या हातून कारलं, दुधी, पडवळ आणि शेपू यांचा इतका त्याग झाला होता की या भाज्या देशात अजून पिकतात कशा, याचं त्यांना नवल वाटे. हापूस सोडणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. एक गृहस्थ ड्रॅगन फ्रूट सोडून गेले. त्यांनी ते कधी खाल्लं नव्हतं, पण खाल्लं असतं तर नक्की आवडलं असतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. गुरुजी कोणाला टोकत नसत. तळहातावर पळीभर पाणी घालावं, संकल्प सांगावा, दक्षिणा घ्यावी आणि ब्रह्मा घाटावर घरी येऊन वरणभात जेवावा, असा त्यांचा शिरस्ता होता.

अलीकडे मात्र यजमान खरोखरच आवडती वस्तू सोडू लागले. कोणी शेंगदाणे सोडले, कोणी पनीर, कोणी सकाळचं दूध. लोकांत धर्मबुद्धी वाढली, असं गुरुजींना वाटलं आणि बरंही वाटलं. मग एके सकाळी परभणीकडचं एक जोडपं आलं. नवऱ्यानं हात पुढे केला आणि तूरडाळ म्हणाला. गुरुजींची पळी हवेतच थांबली. तूरडाळ सोडलेला मराठी माणूस जेवणार काय, असं त्यांनी विचारलं. त्या गृहस्थानं बायकोकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

“गुरुजी, परवडत नाही म्हटलं की पोरं तोंड पाडतात. काशीत सोडली म्हटलं की नमस्कार करतात.”

हे बोलणं मागच्या पायरीवर आईला घेऊन बसलेल्या कुणाल साहेबांच्या कानावर पडलं, आणि इथून पुढचं सगळं घडलं.

कुणाल साहेब मूळचे नागपूरचे. मागणी संतुलन कक्ष नावाच्या सरकारी कचेरीत अधिकारी म्हणून त्यांची वाराणसीला बदली झाली होती. भाव चढले की सरकारकडे दोन उपाय असतात, पुरवठा वाढवणं किंवा मागणी घटवणं. पुरवठा वाढवायचा तर शेतं, गोदामं आणि मालगाड्या लागतात, शिवाय इतर खात्यांशी बोलावं लागतं. मागणी घटवायला नुसती माणसं लागतात आणि ती मुबलक होती. अडचण एवढीच की लोक कमी खात, पण कुरकुर करत, आणि ही कुरकुर वरपर्यंत ऐकू जाई. कमी खाऊन वर दक्षिणा देणारा ग्राहक साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पुढच्या महिन्यात घाटावर स्वेच्छा आहारत्याग मार्गदर्शन केंद्र उघडलं. गुरुजींना मार्गदर्शक हे पद, खुर्ची, माइक आणि मानधन मिळालं. मोठी रंगीत छत्री झटपट शेवया बनवणाऱ्या एका कंपनीनं दिली. पाच रुपयांच्या त्या शेवयांचं पुडकं छत्रीच्या प्रत्येक पाकळीवर हसत होतं. हे पुडकं कोणी सोडू म्हटलं तर ती वस्तू त्यागास पात्र नाही, असं सांगायची गुरुजींना सूचना होती.

पात्र वस्तू पंधरवड्याला वरून ठरून येई. ज्या वस्तूचा भाव चढेल ती पवित्र होई. टोमॅटो झाले, गोडं तेल झालं, दूध झालं. कारल्याचा त्याग बंद करण्यात आला, कारण कारलं स्वस्त होतं आणि ते कोणीतरी खाणं आवश्यक होतं. गुरुजींचे शेजारी ढुंढिराज घनपाठी यांनी अंडी सोडण्याची इच्छा दाखवली. त्यांच्या सात पिढ्यांत कोणी अंडं खाल्लं नव्हतं. ज्याची मागणीच नाही त्याच्या त्यागानं मागणी घटत नाही, असं म्हणून कक्षानं त्यांना परत पाठवलं. मग कांदा-लसूण तरी जमेस धरा, असं घनपाठी म्हणाले. त्यावर पूर्वजांनी केलेला त्याग चालू वर्षात दाखवता येत नाही, असं उत्तर आलं.

केंद्राला भरभराटीचे दिवस आले. ज्यांना काशीला येणं जमत नाही त्यांच्यासाठी फोनवरून संकल्प सुरू झाला. नंतर ही सगळी नावं रेशन आणि अंगणवाडी यांच्याशी जोडण्यात आली. ज्यानं जी वस्तू सोडली ती त्याला सरकारनं पुन्हा देणं हा त्या त्यागाचा अपमान आहे, अशी कक्षाची भूमिका होती, म्हणून ती वस्तू आदरपूर्वक बंद होई. मुलांची वजनं घेतली तेव्हा ती उतरलेली निघाली. साहेबांनी त्याला कुपोषण म्हणू दिलं नाही. जे लादलेलं असतं ते कुपोषण, स्वखुशीनं येते ती कृशता, आणि कृशता ही या भूमीची परंपरा आहे, असं त्यांनी अहवालात लिहिलं. शेवयांचा खप मात्र वाढला होता. त्याची नोंद आहारातील विविधता अशी झाली.

गुरुजी हे सगळं पाहत होते आणि मान हलवत होते. खोटं कशाला बोला, माइक त्यांना आवडू लागला होता.

घरी त्यांची सून ऋता हिला सहावा महिना लागला होता. तिच्या अंगात रक्त कमी होतं. डाळ, दूध, पालक, गूळ-शेंगदाणे रोज पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर बाळाचं आणि तुझंही कठीण आहे, असं डॉक्टर हिमानींनी बजावलं होतं. मुलगा कुशल एका कोचिंगमध्ये तासावर शिकवी. क्लासला सुट्ट्या लागल्या की घरालाही लागत. गुरुजींचं मानधन घरभाड्यात आणि दवाखान्यात जाई. तेव्हा अंगणवाडीतून मिळणारी डाळ गुरुजींच्या पत्नी शरदिनीबाई वेगळ्या डब्यात ठेवत आणि त्यातली वाटीभर घट्ट करून फक्त सुनेला वाढत. बाकीचे घोटभर डाळीचं भांडंभर पाणी पीत आणि आमटी झकास झाली म्हणत.

अशात तूरडाळीचा पंधरवडा आला. भाव असा काही चढला होता की लखनौहून मोठे साहेब जातीनं येणार होते. या वेळी मार्गदर्शकानं स्वतः त्याग करून दाखवावा, असं ठरलं. गुरुजी तयार झाले. त्यांनी मनाशी हिशोब केला होता की आपण एकट्यानं सोडायची, घरात तशीही आपल्या वाट्याला पाणीच येतं. घाट भरला होता. मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हातानं पळी उचलली. गुरुजींनी आचमन केलं, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात संकल्प सुरू केला. आयुष्यभराची जीभ ती. “अस्माकं सहकुटुंबानां सपरिवाराणां क्षेमस्थैर्यायुरारोग्य...” एवढं होऊन गेलं तेव्हा डोळे उघडले, पण पाणी सुटलं होतं. सगळ्या कुटुंबाला आयुष्य आणि आरोग्य लाभावं म्हणून सगळ्या कुटुंबाची डाळ सुटली. टाळ्या झाल्या.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा शरदिनीबाई डाळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं.

“तुम्हाला सहकुटुंब म्हणायला कोणी सांगितलं होतं?”

“अगं, तोंडात बसलंय ते.”

“मी होते का शेजारी? मी तुमच्या हाताला हात लावला होता का?”

गुरुजी चमकले. संकल्पाच्या वेळी पत्नी पतीच्या हाताला हात लावते, तेव्हा तो संकल्प घराचा होतो. हा नियम त्यांनी हजारो जोडप्यांना सांगितला होता आणि स्वतःच्या वेळी तो बायकोनं सांगावा लागला. हात लावला नव्हता. शिवाय गर्भिणीला कुठलंच व्रत बांधत नाही. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. शरदिनीबाईंनी त्याच डब्यातली डाळ शिजायला टाकली आणि ऋता पोटभर जेवली.

शास्त्रातून सून अशी अर्ध्या तासात सुटली, पण कंप्युटरला शास्त्र येत नव्हतं. महिना उलटला आणि ऋता अंगणवाडीतून रिकामी पिशवी घेऊन परत आली.

“आई, दाल बंद केली आपली. तुमच्या घरानं सोडलीय, अंगणवाडीची बाई म्हणाली. वरून हात जोडले मला, पाया पडते म्हणाली.”

एवढं बोलून ती घरच्या चौकातच खाली बसली. डोळे मिटले होते, ओठ पांढरे पडले होते. शरदिनीबाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं. गुरुजी दारात उभे होते. त्यांना इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि इतकी लाजही.

ते तसेच कक्षाच्या कचेरीत गेले. कुणाल साहेबांनी त्यांना चहा पाजला. गुरुजींनी हाताचा नियम सांगितला, गर्भिणीची सूट सांगितली, सून दोन जिवांची आहे हेही सांगितलं. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी स्वतः डाळ सोडली नव्हती, ती केवळ पदावरच्या माणसानं लाभ घेऊ नये म्हणून.

“गुरुजी, शास्त्राचा आम्हाला आदर आहे, म्हणून तर तुमचा शब्दन्‌शब्द रेकॉर्ड केला. आता सहकुटुंब तुम्हीच म्हणालात. आणि बघा, गर्भिणी, लेकरं, म्हातारे, आजारी, अशी सूट द्यायला बसलो तर मागे उरते कोण?”

गुरुजी खुर्चीतून उठू लागले. साहेबांनीच मग मार्ग काढला. अंगणवाडीची डाळ बंद झाली, बाजारातली तर नाही ना. सुनेसाठी बाजारातून घ्यावी. त्याकरता, मार्गदर्शकानं स्वतः उदाहरण घालून दिल्याबद्दल, त्यांनी गुरुजींच्या मानधनात वाढ करवली. केंद्रावर रोज बसण्याची अट तेवढी घातली.

तेव्हापासून गुरुजी रोज छत्रीखाली बसू लागले. डाळीचा भाव उतरेना, म्हणून तिचा पंधरवडा वाढवत नेला होता. दिवसभर लोकांकडून डाळ सोडवावी आणि संध्याकाळी त्या पैशांत घरी डाळ न्यावी, असं चाललं. दुकानातून निघताना ते पिशवी उपरण्याखाली धरत. ऋताच्या वाटीत पुन्हा घट्ट वरण पडू लागलं. डॉक्टर हिमानींनी रक्त तपासलं आणि चढतंय, म्हणाल्या. शरदिनीबाईंनी मंगला गौरीला जाऊन ओटी भरली. गुरुजी मात्र जेवताना सुनेकडे बघत नसत.

एके दिवशी सोलापूरकडची एक बाई आली. सोबत लेक होती आणि लेकीचं पोट दिसत होतं. बाईनं हात पुढे केला आणि तूरडाळ म्हणाली. लेकीनं रिवाजाप्रमाणे आईच्या हाताला हात लावला. गुरुजींच्या डोळ्यांसमोर चौकात बसलेली ऋता आली. त्यांनी माइकवर तळवा ठेवला.

“बाई, तुम्ही खुशाल सोडा. पण मुलीला हात लावू देऊ नका. तिला डाळ खायची आहे.”

बाईनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं नाही. नुसतं पाहिलं.

“गुरुजी, हात काढल्यानं डाळ येते का घरात? लावू द्या. निदान सासरी सांगायला होईल की काशीत सोडली.”

गुरुजींनी तळवा काढला. पळी भरली आणि पाणी घातलं. संकल्प सांगताना सहकुटुंब हा शब्द त्यांनी गिळला, पण आता बाईच तो म्हणाली. तिला पाठ होता.

त्या वर्षी डाळीची मागणी घटली. भाव स्थिरावला आणि कुणाल साहेबांना बढती मिळाली. त्यांच्या शेवटच्या अहवालात एक नवलाची गोष्ट होती. काशीला येऊन किंवा फोनवरून डाळ सोडणारे, हे सगळे मिळून थोडेच भरले. बाकीची घट कुठून आली ते सापडेना. हे लोक काशीला आले नव्हते, त्यांनी पाणी सोडलं नव्हतं, कक्षाचं नावही ऐकलं नव्हतं. साहेबांनी त्यांना स्वयंप्रेरित त्यागी असं म्हटलं आणि अहवालाच्या शेवटी त्यांचे आभार मानले.

ते आभार आपल्यापर्यंत पोचवायचे राहिले होते. गेल्या महिन्यात वाण्याकडे भाव ऐकून आपण किलोऐवजी अर्धा किलो घेतलीत आणि घरी आल्यावर म्हणालात की हल्ली डाळ पचत नाही, रात्री हलकंच बरं. सगळ्यांनी मान्य केलं, शेवया झाल्या. त्या वेळी दुकानात आपल्या शेजारी घरातलं कोण उभं होतं, आणि त्यानं आपल्या हाताला हात लावला होता का, एवढं फक्त आठवून पाहा.