केशवभाईंचा थंड रेडिएटर

घर तापवायला रेडिएटर बसवणारा माणूस डहाणूत मी एकच पाहिला. दुसरा निघणं कठीणच, कारण डहाणूत तापवण्याजोगी थंडीच पडत नाही. पौषातल्या पहाटेसुद्धा अंगावर जुनी चादर घेतली की काम भागतं. अशा गावात आमच्या शेजारच्या केशवभाईंनी बिडाचे तीन रेडिएटर, एक बॉयलर आणि दोन बैलगाड्या भरून पाइप आणले. स्टेशनापासून घरापर्यंत त्या गाड्यांमागे अर्धं गाव चालत होतं. कुणाची तरी गिरणी आली, असं लोकांना वाटलं होतं.

केशवभाई बावीस वर्षं सिमल्याच्या एका हॉटेलात बॉयलर सांभाळत होते. वर्षातून एकदा चिकूच्या मोसमात घरी यायचे, महिनाभर सगळ्यांना बर्फाच्या गोष्टी सांगून छळायचे आणि परत जायचे. घर आणि वाडी त्यांच्या पत्नी जमनावहिनी एकट्या बघायच्या. पुढे हॉटेलाने जुनं सामान मोडीत काढलं, तेव्हा केशवभाई ते मागून घेऊन कायमचे घरी आले. स्वयंपाकघरामागे खड्डा खणून त्यांनी बॉयलर बसवला. तापलेलं पाणी आपोआप पाइपातून वर चढतं, रेडिएटरमधून फिरून गार होतं आणि खाली परत येतं, हे त्यांनी मला निदान शंभर वेळा समजावलं. मी शाळामास्तर आहे. एकच गोष्ट शंभर वेळा सांगायचा हक्क माझा, त्यांचा नव्हे. वाडीतले मजूर त्या रेडिएटरना ‘फासळ्या’ म्हणायचे आणि ओले पंचे वाळत घालायचे. त्या सगळ्या यंत्राचा तेवढाच उपयोग मला दिसला.

हा माणूस कुणाचंही बोलणं पुरं ऐकून घेत नसे. “हात लावून बोला!” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहा गार झालाय म्हटलं, हात लावून बोला. पोराला ताप आहे, हात लावून बोला. महाराष्ट्र नुकताच वेगळा झाला होता, आणि उधवा, वेवजीकडची गुजरातची हद्द नक्की कुठून जाते यावर पारावर रोज भांडणं व्हायची. तिथेही केशवभाई विचारायचे, “कुणी जाऊन हात लावून बघितलंय काय?” आणि उठून चालू लागायचे, जणू हद्द त्यांच्या पाइपातूनच गेली आहे.

त्यांची सगळी विद्या चार वाक्यांची. रेडिएटर वर थंड, तर आत हवा. खाली थंड, तर आत गाळ. सगळाच थंड, तर पाइप चाचपत जा आणि गरम कुठे संपतं ते शोध. आणि घाई करू नको. एवढ्या भांडवलावर ते जगाची दुरुस्ती करायला निघत. माझ्या सासऱ्यांचं डोकं तापलं आणि पाय गार पडले, तेव्हा डॉक्टरांच्या देखत म्हणाले, “खाली गाळ बसलाय.” माझ्या भाचीच्या लग्नात नवरामुलगा रुसून बसला, तर हे मांडवात मोठ्याने, “हवा धरलीय त्याने, कुठून तरी सोडा!” व्याही आजही माझ्याशी बोलत नाहीत.

एवढा पंडित माणूस, पण त्याच्या स्वतःच्या घरातला तिसरा रेडिएटर थंड होता! मागच्या खोलीतला, जिथे जमनावहिनी असायच्या. पुढचे दोन असे तापत की बसणं मुश्कील व्हावं, आणि हा मात्र ढिम्म. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज संध्याकाळी केशवभाई स्टूल घेऊन मागच्या खोलीत बसायचे. वरचा स्क्रू सैल करायचे, खालचं बूच काढायचे, फासळ्यांवर टकटक करायचे. जमनावहिनी आपल्या ट्रंकेवर बसून वाल सोलायच्या आणि मधेच उठून थेंब पडतील म्हणून वाटी धरायच्या. टकटक चालू असताना त्या सांगत राहायच्या, कुठल्या वादळात कुठलं झाड पडलं, विहिरीचा कठडा कधी ढासळला. ते म्हणत, “मला कळवलं नाय कधी?” त्या म्हणत, “पत्रात काय काय लिवायचं?” दोन म्हातारी माणसं लोखंडाखाली वाटी धरून बसलेली बघून मला हसू आवरायचं नाही.

दर दिवाळीला सिमल्याहून त्या हॉटेलाचं इंग्रजी पत्र यायचं. हिवाळ्यापुरते या, नवी माणसं निकामी आहेत. ते मी वाचून दाखवायचो आणि केशवभाईंचं ठरलेलं उत्तर लिहायचो. “मागच्या खोलीतला गरम झाला की येतो. आपल्या घरात थंड असताना दुसऱ्याच्या खोल्या तापवायला कुठल्या तोंडाने जाऊ?” त्या वर्षीचं पत्र मात्र निर्वाणीचं होतं. पुन्हा विचारणार नाही, आणि या वेळी आलात तर बाराही महिने राहा, असं लिहिलं होतं. दारात उभ्या जमनावहिनींनी विचारलं, “बारा म्हयने?” मी हो म्हटलं. त्या आत गेल्या.

मला आनंद झाला, हे लपवत नाही. हा माणूस गेला की गावाला आणि मुख्य म्हणजे मला शांतता. अडलं होतं फक्त त्या रेडिएटरवर. म्हणून केशवभाई पाइपाच्या सांध्यात भरायची कसलीशी दोरी आणायला तलासरीच्या गॅरेजात गेले आणि वहिनी वाडीत होत्या, ती वेळ साधून मी मागच्या खोलीत शिरलो. बॉयलर पेटलेला होताच. त्यांच्याच विद्येने पाइप चाचपत निघालो. गरम, गरम, गरम. ट्रंकेच्या मागे, जमिनीलगत, लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला एक व्हॉल्व्ह सापडला. अलीकडे चटका, पलीकडे थंड. व्हॉल्व्ह घट्ट बंद होता!

मी तो साडेतीन आटे फिरवून उघडला. पाव तासात एकेक फासळी तापत गेली. बावीस वर्षांच्या अनुभवी माणसाला जे इतक्या हिवाळ्यांत जमलं नाही, ते मास्तराने पाव तासात केलं, म्हणून मी छाती काढून बसलो.

वहिनी आधी आल्या. त्यांनी रेडिएटरला हात लावला आणि चटकन मागे घेतला. चिंधी माझ्या हातात होती. त्या ट्रंकेवर बसल्या. “आता जातील हे,” एवढंच म्हणाल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात केशवभाई आले. त्यांनी वर हात लावला, खाली लावला. मला वाटलं, आता व्हॉल्व्ह कुणी बंद केला होता म्हणून आरडाओरडा होणार. पण त्यांनी वहिनींना थोडं सरकायला सांगितलं, ट्रंकेमागे न बघता हात घातला आणि व्हॉल्व्ह साडेतीन आटे फिरवून बंद केला. माझ्या हातातली चिंधी घेऊन होती तशी गुंडाळली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रोजच्या त्या खटाटोपात हा माणूस सगळीकडे हात लावायचा, फक्त त्या व्हॉल्व्हला कधी लावला नव्हता.

“हवा हाय आत अजून,” ते स्टुलावर बसत म्हणाले. “निघायला वर्षं जातील.”

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “वाटी आणू?”

“आण. आणि वाल पण आण. मास्तर, तुमी पत्र लिवा. मागच्या खोलीतला अजून थंड हाय.”

मी कागद घेतला, पण लिहीना. तसे ते खेकसले, “बघता काय? हात लावून बोला!”

मी हात लावला. अजून कोमट होता. वहिनींनी वाटी आणली आणि वाल सोलायला घेतले. थोड्या वेळाने पुन्हा लावला. चांगला थंड झाला होता. मग मी लिहिलं.