अण्णा पोतनीसांची हद्द

आमच्या कचेरीचं छप्पर एकदा गळायला लागलं. पाणी नेमकं अण्णा पोतनीसांच्या आणि माझ्या टेबलाच्या मधल्या फटीत पडत होतं. मी बादली आणायला उठलो, तोवर अण्णांनी खिशातून टेप काढली, दोन्ही टेबलांपासून थेंबाचं अंतर मोजलं आणि म्हणाले, "कांबळे, दोन बोटं तुमच्याकडे आहे. हद्द तुमची. ठेवा बादली."

ही आमची ओळख. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. भिवंडीतल्या एका सरकारी कचेरीत मी नवा कारकून होतो आणि अण्णांकडे गौण खनिजाचं टेबल होतं. म्हणजे दगड, खडी, मुरूम. शहराला गोदामं हवी होती, चाळी हव्या होत्या, रस्ते हवे होते, त्यामुळे आसपासच्या टेकड्यांचे दिवस भरत आले होते. कुणालाही टेकडी फोडायची तर त्याचा अर्ज अण्णांच्या टेबलावरून जायचा.

"हद्द कुणाची?" हा त्यांचा जप. कामतघरला ते राहत त्या चाळीत वरच्या मजल्यावरून कुणाची चादर खाली पडली, तरी आधी ती कुणाच्या दारासमोर पडली ते ठरायचं, मग उचलायची. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या लिंबाची फोड त्यांच्या पानात घरंगळली, तर ती साभार परत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात वाद घालायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती हौस ते आमच्यावर भागवून घेत. रविवार मात्र अकलोलीचा. तिथल्या गरम कुंडात गुडघे शेकायला जातो म्हणायचे आणि सोमवारी जास्तच लंगडत यायचे. अण्णांना कुंड मानवत नाही, असं आमचं सगळ्यांचं मत होतं.

सोमवारीच हिराबाईही यायच्या. वज्रेश्वरीच्या वाटेवरच्या एका गावात त्यांचं घर, आणि घरामागे खदान. ठेकेदार खडी काढून, क्रशर उचलून केव्हाच निघून गेला होता. मागे राहिला होता तीन पुरुष खोल खड्डा. दर पावसाळ्यात त्याची कड ढासळायची आणि हिराबाईंच्या घराकडे हातभर सरकायची.

"सायेब, औंदा आंबा खड्ड्यात गेला," त्या म्हणाल्या. "आता मागली भिंतच रायली हाय."

अण्णा मान खाली घालून ऐकत आणि पत्र लिहायला घेत. खणायच्या परवान्याला एक सही पुरते, बुजवायचं म्हटलं की सगळं सरकार लागतं. खनिकर्मवाले म्हणाले, खाण बंद झाली, आता ती नुसती जमीन. जमीनवाले म्हणाले, जमीन कुठाय, तिथे तर पाणी आहे. पाटबंधारेवाल्यांनी कळवलं, ते पाणी आमच्या धरणाचं नाही. वनखात्याने लिहिलं, जागेवर झाड आढळून येत नाही. एकुलता एक आंबा होता, तो गेलाच होता म्हणा.

दीड वर्षाने ते पत्र शिक्क्यांनी भरून आमच्याकडेच परत आलं. अण्णांनी वाचलं, नाक मुरडलं आणि खाली शेरा मारला, 'विषय या कचेरीच्या हद्दीत येत नाही.' मी म्हटलं, "अण्णा, वर सही बघा." सही त्यांचीच होती. सगळी कचेरी फिदीफिदी हसली. अण्णांनी चष्मा काढून ठेवला. त्या दिवशी चहाही घेतला नाही. चोरी पकडली गेली म्हणून चेहरा पडला असेल, असं मला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात विनापरवाना मुरमाचे तीन ट्रक पकडले. जप्त केलेला माल सुरक्षित जागी ठेवावा, असा नियम. आजवर तो आमच्या आवारात पडायचा. अण्णांनी टिपणी लिहिली, की आवारात जागा नाही, सबब मुरूम अमुक गावी हिराबाईंच्या घरामागील खोलगट जागेत ठेवावा आणि ताबा त्यांच्याकडे द्यावा. साहेबांनी सवयीप्रमाणे न वाचता सही केली. हिराबाईंनी अंगठा दिला.

मग काय, पकडला ट्रक की ओत खड्ड्यात. भिवंडीत चोरट्या मुरमाला कधी तोटा नव्हता. तीन पावसाळ्यांत जागा सपाट झाली. हा माल उचलायचा कुणी, अशी वरून विचारणा आली, तेव्हा अण्णांनी अतिशय आनंदाने सगळ्या कार्यालयांना पत्र धाडलं, 'हद्द कुणाची, कृपया कळवावे.' माझी बदली झाली तेव्हाही ते पत्र फिरतच होतं.

बदलीआधीच्या एका रविवारी मी बायकोला घेऊन वज्रेश्वरीला निघालो होतो. हिराबाईंच्या गावाजवळ एसटी पंक्चर झाली. म्हटलं, जप्त माल बघून येऊ. जाऊन बघतो तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अण्णा धुम्मसाने मुरूम चोपत होते. अकलोलीचं कुंड ते हे.

हिराबाई चहा घेऊन आल्या. "दर आयतवारी येतात," मला म्हणाल्या. "खड्डा व्हता तवापासनं. पैलं भिंतीपास्नं टेप लावून बसायचे, आता माती चोपतात. मी जेवू घालूनच धाडते. घरी कोन हाय त्यांना?"

मला थट्टा सुचली. "अण्णा, रविवारी ही हद्द कुणाची?"

अण्णा थांबले. "कांबळे, या खदानीच्या परवान्याची टिपणी माझी. खड्डा बुजवावा, अशी अट मीच घातली होती. बुजवला की नाही हे कुणी बघायचं, ते लिहायचं राहिलं."

मला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही या माणसाच्या गुडघ्यांना हसत होतो.

आंबा गेला होता त्या बाजूला वीतभर कलम लावलेलं होतं. अण्णांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, भिंतीला लावायला सांगितलं आणि दुसरं टोक घेऊन कलमापाशी उकिडवे बसले.

"झाड हिराबाईंच्या हद्दीत येतंय," आकडा बघत ते म्हणाले. मग कलमाभोवतीची माती दाबत, "सावलीत बसायला येऊ देतील मला. बोललोय त्यांच्याशी."

तिकडे एसटीचा हॉर्न वाजत होता आणि बायको हाका मारत होती. मी टोक भिंतीला धरूनच उभा राहिलो.