उशिराचा विमा

धोका किती आणि फायदा किती, हे तोंडी सांगण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. हसू नका! लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मी तक्रारी लिहून घेतो. शेकडो लिफ्ट आमच्याकडे, पण दिवसाला अडकतात फार तर दोन-तीन. सगळ्या एकदम कधीच नाहीत! वर्षानुवर्षं हे पाहून माणसाला ज्ञान येतं. बायकोच्या मते ज्ञान नाही, नुसता ताठा येतो.

तर आमच्या साहेबांनी फर्मान काढलं. दहानंतर येणाऱ्याला शंभराचा दंड, जागच्या जागी! ऑफिसात हाहाकार उडाला. माझं डोकं मात्र भराभर चालू लागलं. जो तो महिन्यातून एखाद्या वेळीच उशिरा येतो. मग प्रत्येकाकडून महिन्याला दीडशे घ्यायचे, त्याचा दंड आपण भरायचा, वरचे पन्नास आपल्या खिशात!

"म्हणजे उशिराचा विमाच की!" डुलकी म्हणाला. हा आमचा हिशेबनीस. बसल्या जागी झोपतो म्हणून डुलकी. "आणि कितीही वेळा उशीर झाला तरी चालेल?"

"कितीही वेळा!" मी उदार झालो. इथेच माती खाल्ली.

अठरा जणांनी पैसे भरले. एकट्या कॅशियरताई नको म्हणाल्या. "मी वेळेवर येते," एवढंच बोलून त्या नोटा मोजत बसल्या. मला त्यांची कीव आली.

आता विमा कंपनी म्हटली की मागे भक्कम ठेव हवी. ती होती. स्वयंपाकघरातल्या कपाटात, वरच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात. बायको दोन वर्षं काटकसर करून वॉशिंग मशीनसाठी पैसे साठवत होती. कपडे पिळून पिळून तिची मनगटं रात्री ठणकायची. त्या डब्याला हात लावायची वेळ येणारच नव्हती, म्हणून तिला सांगायची तरी काय गरज?

सोमवारी सात जण उशिरा आले. मंगळवारी बारा! बुधवारी डुलकी साडेअकराला उगवला, डोक्याला तेल लावून, भांग पाडून.

"अहो, हे काय?" मी ओरडलो.

"विमा आहे ना! लग्नाला वीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा बायकोबरोबर बसून नाश्ता केला. तुमचे फार उपकार आहेत बघा!"

लिफ्टचं बरं असतं. विमा उतरवलाय म्हणून ती काही मुद्दाम अडकत नाही. पण हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं!

आठवड्याभरात जमलेले सगळे पैसे दंडात गेले, वर माझा खिसाही रिकामा झाला. मग मी पहाटे उठून एकेकाला फोन करू लागलो. एकाकडे सासूबाईंनी फोन उचलला. "जावईबापू झोपलेत. पैसे भरलेत ना त्यांनी? मग उगाच उठवू नका!" आणि फोन आपटला.

अशात साहेबांनी बॉम्ब टाकला. शुक्रवारी मोठ्या कंत्राटासाठी पाहुणे येणार, त्या दिवशी उशीर झाला तर दंड पाचशे! अठरा गुणिले पाचशे, नऊ हजार. डब्यात होते साधारण तेवढेच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बायको समोरच बसून मनगटाला मलम चोळत होती. मला मान वर करवेना.

ठरवलं, सगळ्यांना आपणच उचलून आणायचं! गाड्यांचे दर ऐकून फेफरं यायची वेळ आली. शेवटी गाद्यांच्या दुकानाचा बंद टेम्पो स्वस्तात मिळाला. आत दोन-चार गाद्या तशाच होत्या. म्हटलं, असू द्यात, बसायला बऱ्या.

शुक्रवारी दारोदार फिरून अठराच्या अठरा जण टेम्पोत कोंबले आणि साडेनऊला ऑफिससमोर हजर! मी पुढून उडी मारली, मागे जाऊन दाराचा दांडा ओढला, तो माझ्या हातातच आला.

"आतून कडी काढा!" ड्रायव्हर म्हणाला. "आतून उघडतंय ते."

मी दार बडवलं. "कडी काढा! उतरा!"

आतून डुलकीचा आवाज आला. "विमेवाले, गाद्या झकास आहेत हो!"

"दहा वाजतील!"

"वाजू द्या की. आपला विमा आहे!"

आतून खसखस पिकली. मी रागावलो, विनवलं, शेवटी रडकुंडीला आलो. "अहो, बायकोच्या वॉशिंग मशीनचे पैसे आहेत ते!"

हसणं थांबलं. "वहिनींचे? अरेरे! उठा रे, उठा!" कोणीतरी म्हणालं. धडपड ऐकू आली. पण दाराशी पहिला पोचला डुलकी. तो दाराला टेकला आणि तसाच झोपला!

त्याला गादीवर लोटून कडी निघेपर्यंत दहा वाजून गेले होते आणि साहेब पाहुण्यांना घेऊन नेमके तिथेच उभे होते. दार उघडलं. गादीसकट डुलकी पाहुण्यांच्या पायाशी घरंगळला. मागे सतरा माणसं जांभया देत होती.

"हे आमचे हिशेबनीस," साहेब कसेबसे म्हणाले.

संध्याकाळी चोरासारखा घरी शिरलो आणि डबा काढला. रिकामा!

"अगं, चोरी झाली!"

"चोरी कसली? मशीन उद्या येतंय," बायको म्हणाली. "पैसे मी परवाच दुकानात भरले."

"मला न विचारता?"

"तुम्ही मला विचारून लावले होते का पणाला? डुलकीभावजींच्या बायकोचा फोन आला होता. म्हणाली, तुमच्या ह्यांनी तो उशिराचा विमा काढल्यापासून आमचे हे साडेदहापर्यंत उठतच नाहीत. मी लगेच उठले आणि दुकान गाठलं."

खरं सांगतो, मला इतकं हायसं वाटलं की ओट्याला टेकून खालीच बसलो. तिचं मशीन वाचलं होतं. बुडालो होतो तो फक्त मी.

आता साहेब नऊ हजार माझ्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापतात. बसचे पैसे वाचवायला मी चालत जातो. चालत गेलं की उशीर होतो आणि उशीर झाला की पुन्हा दंड! काल शेवटी लाज सोडून कॅशियरताईंकडे गेलो. म्हटलं, ताई, माझा विमा तुम्ही उतरवाल का?

त्यांनी चष्म्यावरून मला आपादमस्तक न्याहाळलं. "दीडशे पडतील."

"महिन्याला ना?"

"रोजचे."