नळीतली शेपटी

एका जंगलात सिंह होता, पण बाळांनो, त्याला आपण या गोष्टीत घ्यायचं नाही. तो मीटिंगला गेलाय. आपली गोष्ट आहे तुरतुरी नावाच्या खारीची आणि तिच्या लेकीची, झुपकीची.

झुपकीची शेपटी पडली होती. तुटून पडली नव्हती हो, नुसती खाली लोंबायला लागली होती, ओल्या फडक्यासारखी. आणि शेपटी उभी नसली की खारीचा तोल जातो. तोल गेला की उडी चुकते. उडी चुकली की खाली मांजर असतं. मग खारीचं पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

तुरतुरीचा जीव टांगणीला लागला. आधीच तिची काळजी रोज पोरीच्या आधी उठायची. आता ती झोपेनाच. पोर झोपली की ही तिच्या नाकापाशी मिशी धरून बघायची, श्वास चाललाय का. चाललेला असायचा. मग जास्त का चाललाय म्हणून घाबरायची.

सासूनं सांगितलं, दृष्ट लागलीय. अंगावर लोखंड ठेव. म्हणून तुरतुरीनं शाळेच्या फळ्यावरून एक टाचणी पळवून आणली आणि झुपकीच्या शेपटीच्या टोकाला, केसांत खोल लपवून, दोऱ्यानं घट्ट बांधली. कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो, असंही सासूनं बजावलं होतं. दोन दिवस वाट बघितली. शेपटी तशीच.

मग कुणीतरी टेकडीतल्या गुहेचं नाव काढलं.

त्या गुहेत एक मोठं यंत्र होतं. त्याला एमआरआय म्हणत. मोठ्ठं चुंबक आणि त्याच्या पोटात एक नळी. नळीत निजायचं. अंगातलं सगळं पाणी चुंबकापुढं शाळेतल्या प्रार्थनेसारखं ओळीत उभं राहतं. मग यंत्र त्याला हाक मारतं आणि पाणी जी ओ देतं, त्यावरून पोटातलं चित्र निघतं. कापायचं नाही, टोचायचं नाही. फक्त हलायचं नाही. आणि आवाज सोसायचा, जणू आत सत्तर सुतारपक्षी एकाच फांदीवर बसलेत.

यंत्र फार गुणी होतं. ते चालवणारे घुबडराव होते.

घुबडराव अकरा वर्षं 'शेपटी आणि आजार' यावर संशोधन करत होते. शोध काही लागला नव्हता. त्याचं कारण साधं होतं. घुबडरावांना दिवसा दिसत नसे, आणि गुहा दिवसाच उघडी असे. चित्रं ढिगानं निघत. पण ती बघणार कोण?

त्यांच्या हाताखाली बगळेदादा होता. रोग्याला निश्चल कसं पडायचं ते शिकवायचं काम त्याचं. त्याच्याइतकं स्थिर त्या जंगलात झाडसुद्धा उभं राहत नसे. दाराशी तो फॉर्म भरून घ्यायचा. अंगावर कडं, घुंगरू, खिळा, टाचणी, काही लोखंडाचं आहे का?

तुरतुरीला टाचणी आठवली. पण सांगितलं तर गुण जायचा. आणि टाचणी म्हणजे काही दागिना नव्हे, असं तिनं स्वतःला समजावलं. "नाही," ती म्हणाली. बगळेदादानं फॉर्मवर लिहिलं, नाही.

मग तो झुपकीच्या कानाशी वाकला. खालून मांजर चाललंय असं समज, म्हणाला. झुपकी दगड झाली.

नळी सुरू झाली. ठक ठक ठक, घुर्रर्र. आणि बाळांनो, झुपकीची पडलेली शेपटी हळूच उचलली गेली. वर, आणखी वर, आणि पंधरा ऑगस्टच्या झेंड्यासारखी ताठ उभी राहिली.

घुबडरावांना एवढं ठळक मात्र दिसलं. ते गिरकी घेऊन भिंतीवर आपटले आणि तिथूनच ओरडले, की यंत्र नुसता आजार दाखवत नाही, आजार बरा करतं. बगळेदादानं अकरा वर्षांत पहिल्यांदा पाय बदलला. तुरतुरी तर आधी रडली, मग हसली, मग घुबडरावांचा पंख धरून नाचली. पोरीची शेपटी तिनं उभी बघितली होती. आणखी काय पाहिजे?

चित्र निघालं होतं. त्यात शेपटीच्या जागी नुसतं काळं भगदाड होतं. ते कुणी बघितलं नाही.

झुपकी बाहेर आली आणि शेपटी पुन्हा पडली. घुबडरावांना त्याचं काही वाटलं नाही. औषध कमी पडलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गुहेपुढं रांग लागली. शेपूट तुटलेली पाल आली. पिसं गळालेला मोर आला. माकडाची शेपटी चांगली होती, पण सगळे आले म्हणून तोही आला. गावातून कुत्रा आला. त्याच्या बापजाद्यांनी सगळ्या नळ्या करून बघितल्या होत्या, पण त्या साध्या होत्या. ही चुंबकाची. त्याला मोठी आशा होती.

कुणाचंच काही उभं राहिलं नाही. घुबडरावांनी वहीत लिहिलं, रोगी हलले.

मग त्यांनी ठरवलं की झुपकी नळीतच राहील. आठ दिवसांनी सात जंगलांचे विद्वान येणार होते. त्यांना उभी शेपटी दाखवायची होती. नंतरचं नंतर बघू. तुरतुरीनं विचारलं, नंतर म्हणजे कधी? घुबडराव म्हणाले, शोध पूर्ण झाला की.

तुरतुरी नळीच्या तोंडाशी बसली. आत लेकीची शेपटी ताठ होती. बघून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून भीती वाटत होती. तेवढ्यात आतून बारीक आवाज आला.

"आई, टाचणी ओढते गं."

सगळं तुरतुरीच्या डोक्यात लख्ख झालं, आणि ते लख्ख झालेलं तिला मुळीच नको होतं. सांगितलं तर गुण जाणार, आब जाणार, घुबडराव हाकलून देणार. नाही सांगितलं तर पोर नळीतच राहणार. म्हातारी होईपर्यंत.

"डॉक्टरसाहेब, मी खोटं बोलले. तिच्या शेपटीत टाचणी आहे. चुंबक ओढतंय ती."

घुबडरावांनी फॉर्म मागवला. बगळेदादानं वाचून दाखवला.

"फॉर्मवर 'नाही' लिहिलंय," घुबडराव म्हणाले. "म्हणजे टाचणी नाही."

"अहो, मीच बांधलीय."

"बाई, तुम्ही आई आहात. तुमचा पुरावा धरत नाहीत."

तुरतुरीनं पुढं वाद घातला नाही. यंत्र थांबायची वाट बघितली, नळीत शिरली, पोरीला बाहेर ओढलं, दातानं दोरा तोडला आणि टाचणी काढून गुहेबाहेर ठेवून आली. मग बगळेदादापुढं पदर पसरला असता, पण खारीला पदर नसतो. म्हणून शेपटी पसरली. एकदा, टाचणीशिवाय, नीट चित्र काढा म्हणाली. बगळेदादानं बटण दाबलं.

ठक ठक ठक, घुर्रर्र. शेपटी जागची हलली नाही. घुबडराव हळहळले. शोधाची माती झाली, म्हणाले, आणि निघालेलं चित्र न बघता तुरतुरीपुढं फेकलं. बोरं बांधायला होईल तुम्हाला.

तुरतुरीला कागद वाया घालवायची सवय नव्हती. तिनं तो उजेडात धरला. टाचणी गेली तसं भगदाडही गेलं होतं. पांढरट शेपटी, तिच्या बुडाशी एक काळी रेघ. बारीक, टोकाला वाकडी.

ती रेघ तिच्या ओळखीची होती. बोराटीचा काटा. पोर गेल्या आठवड्यात बोरांवर तुटून पडली होती. वरून कातडी मिटलेली, म्हणून कुणाला दिसला नव्हता. यंत्राला दिसला होता. यंत्रानं सांगितलंही होतं, पण विचारतंय कोण?

तिनं बाहेर जाऊन तीच टाचणी आणली. बगळेदादा झुपकीला म्हणाला, दोन मांजरं चाललीत असं समज. तुरतुरीनं एकदा टोचलं, एकदा उचकटलं. काटा बाहेर.

शेपटी थरथरली आणि उभी राहिली. मग झुपकीनं थेट घुबडरावांच्या डोक्यावर उडी मारली, तिथून रांगेतल्या मोरावर, तिथून झाडावर. तोल अगदी बरोबर.

घुबडरावांनी डोक्यावरून काहीतरी उभं गेलं तेवढं बघितलं आणि वही उघडली. यंत्राचा गुण उशिरा लागतो, पण लागतो, असं लिहिलं. सात जंगलांच्या विद्वानांनी त्यांना शाल दिली. वहीत शेवटी एक बारीक ओळ होती, रुग्णाच्या आईने सहकार्य केले नाही.

तुरतुरीला वाचून वाईट वाटलं नाही. तिला वेळच नव्हता. पोर आता फार उंच उड्या मारते म्हणून ती काळजीत होती.

बगळेदादा हल्ली दाराशी आयांना तोच प्रश्न तीनदा विचारतो, तिसऱ्यांदा कानात. आणि यंत्राचं चित्र त्यांनाच बघायला देतो.

कुत्रा मात्र अजून नळीत आहे. तो म्हणतो, थोडा फरक वाटतोय.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलू नये. खरं बोलल्यानं फक्त लेकरू बरं होतं, शोध लागत नाही.