बारापर्यंत मौन

मार्गशीर्षातल्या गुरुवारी दुपारी बाराचा भोंगा होईपर्यंत माझं मौन असतं. बावीस वर्षांत एकदाही मोडलं नाही! सासूबाई अंगणात घसरून पडल्या तेव्हासुद्धा मी हाक न मारता ताट बडवून माणसं गोळा केली होती!

तर दोन हजार चार सालची गोष्ट. पुण्याचे काही हौशी वैमानिक पदरचं इंधन घालून मुलांना छोट्या विमानातून चक्कर मारून आणत. पारगावच्या पुढच्या माळावर ते उतरणार, आणि आमच्या अक्षदाचं नाव यादीत! अट एकच, पालकानं समोर येऊन संमती द्यायची. दिवस नेमका गुरुवार!

आमचे चुलत दीर, चिमाजी भावजी, आदल्या दिवशीच गरजले होते, "पोरीच्या जातीनं आभाळात काय कांदं लावायच्यात? कोण नेतंय तेच बघतो!" हे भावाला घाबरून गप्प. मी म्हटलं, मी नेते!

माळावर जाऊन कागदावर सही केली. वैमानिक चक्क बाई निघाल्या, इंद्रायणीताई! अक्षदा पायरीवर पाय ठेवणार, तोच भावजींची एम-एटी धूळ उडवत हजर.

"थांबवा! सही जबरदस्तीची हाय! वहिनीला इचारा!"

"ताई, तुमची हरकत आहे का?" इंद्रायणीताईंनी मला विचारलं.

मी मान हलवली. नाही!

"बगा! न्हाई म्हनतीय!" भावजी ओरडले.

"म्हणजे संमती आहे ना?"

मी मान डोलावली. हो!

"बगा! हो, हरकत हाय म्हनतीय!"

"मॅडम, आईचं मौन आहे हो!" अक्षदा रडकुंडीला आली.

"पोरगी बनवतीय! आईला बोलू देत न्हाई!"

इंद्रायणीताईंनी घड्याळ पाहिलं. ही शेवटची फेरी होती. माझा जीव वांग्यासारखा भाजून निघाला! मी अक्षदाकडे बोट केलं, विमानाकडे केलं, आणि छातीवर हात आपटला. म्हणजे, मी आई आहे, मी सांगते!

"अस्सं!" इंद्रायणीताई हसल्या. "तुम्हालाही बसायचंय! मग हरकत कसली? चला!"

अहो, पण...! बोलता येतंय कुठं! पट्टा आवळला, दार लागलं, आणि माळ खाली राहिला. पुढं अक्षदा टाळ्या वाजवतेय, मागं मी पदर तोंडात कोंबून महालक्ष्मीला आळवतेय.

विमान कलंडलं तसं खाली आमचं शेत दिसलं. आमची विहीर, भावजींची विहीर, आणि मधला बांध. जमिनीवरून दोरी लावल्यासारखा सरळ दिसणारा तो बांध आमच्या बाजूला सातव्या महिन्यातल्या पोटासारखा पुढं आलेला!

उतरलो तेव्हा बाराला पाच कमी होते.

"बगा, दातखीळ बसली वहिनीची!" भावजी जमलेल्या माणसांना सांगत होते. "तरी म्हनत व्हतो, बायकांनी जमिनीवर ऱ्हावं!"

कारखान्याचा भोंगा वाजला. मी पदर सारखा केला आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हटलं, "भावजी, आपला बांध वरून फार छान दिसतो. फक्त आमच्याकडं त्यानं पोट काढलंय. उद्या टेप घेऊन येते. अक्षदा मोजेल!"

माणसं खो खो हसली. भावजींची एम-एटी तीन किकांत चालू झाली नाही!

बांध आता सरळ आहे. बायकांचं मौन दिवसभराचं असावं, त्यात पुण्य जास्त, असं भावजी गावभर सांगत फिरतात. सांगू देत! मी बारालाच सोडते.

एक मात्र कबूल करते. विमान उचललं तेव्हा "अगं आई गं!" एवढं निसटलं होतं. इंद्रायणीताई कुणाला सांगणार नाहीत. आणि इंजिनाच्या त्या घरघरीत देवीला काही ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चाललेय.