आत्याच्या भुवया आणि हयातीचा दाखला

मेकअप म्हणजे शेवटी काय? पृष्ठभागावर दिलेला रंगाचा थर. तो किती जाड द्यायचा, किती वेळात वाळतो आणि कधी पोपडे धरतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझं नाव मित्रा. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे आणि एका रंगाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसाला सोळा नमुने रंगवून तपासते. त्यापुढे एक आत्या म्हणजे किती चौरस फूट?

हे मी मोठ्याने म्हटलं. आत्या शेजारीच बसली होती. तिने लगेच होकार दिला.

झालं होतं असं, की आमच्या परळच्या चाळीला यंदा शंभर वर्षं झाली. महिला मंडळाने ठरवलं की दहा दशकांच्या दहा बायका स्टेजवर आणायच्या. चिठ्ठ्या टाकल्या, आणि चंपाआत्याच्या हाती पहिलं दशक आलं. एकोणीसशे पंचवीस. मंडळाच्या बायका म्हणाल्या, सोपं आहे, नऊवारी नेस, हातात डबा घे, गिरणीत निघालीस. आत्या नाही म्हणाली.

"गिरणीतली बाई माझी आजी होती," ती म्हणाली. "वायंडिंग खात्यात उभं राहून तिचे पाय सुजायचे, ते मी चोळलेत. ती वर्षातून एकदा मूकपट बघायला जायची आणि घरी येऊन त्या नटीसारखी मान वळवून दाखवायची. मला आजीने पाहिलेली ती बाई व्हायचंय."

माझी आत्या चौसष्ट वर्षांची आहे. चौतीस वर्षं तिने माझगावच्या गोदीत स्टोअर्समध्ये नटबोल्ट मोजले आणि लग्नकार्यातही तोंडाला कधी पावडर लावली नाही. पंधरा वर्षांची असताना चाळीच्या नाटकात तिला घेतलं होतं. तोंडाला रंग लावणार हे कळल्यावर माझ्या आजोबांनी तिला तालमीतून उठवून घरी आणलं. तेव्हा राहिलेला रंग एकोणपन्नास वर्षांनी लागणार होता, आणि तो लावणारा हात माझा होता. माझ्या हाताने तोपर्यंत फक्त भिंती आणि पत्रे रंगवले होते, हा मुद्दा मी किरकोळ मानला.

मी अभ्यास केला. त्या काळच्या फिल्मला लाल रंग काळा दिसायचा, म्हणजे जुन्या फोटोतले काळे ओठ खरे लाल असणार. ओठ छोटे हवेत, मधोमध बदामासारखे, बाकीचे ओठ पावडरीखाली गडप. डोळ्यांभोवती काजळाचं वर्तुळ. आणि भुवया दोऱ्याएवढ्या बारीक, कडेला खाली उतरलेल्या, नुकतीच वाईट बातमी ऐकल्यासारख्या. मी वही केली. चाचणी एक, चाचणी दोन. प्रयोगासाठी स्वतःचा डावा हात वापरला. आठवडाभर ऑफिसात तो हात बघून लोक मला भाजल्यावरचे उपाय सांगत होते.

पहिली अडचण पावडरीची. त्या नट्यांचे चेहरे पांढरेफटक असायचे. मी चाचणी म्हणून आत्याच्या गालावर तसा थर दिला. तिने आरसा घेतला, बघितलं आणि आरसा पालथा ठेवला.

"मित्रा, मला गोरी करू नकोस," ती म्हणाली. "जुनी कर."

मी तो थर पुसला. मग कंपनीचं शेडकार्ड घरी आणलं आणि आत्याच्या गालाला लावून लावून तिचा रंग शोधला. कार्डावर त्याचं नाव 'ओली विटकरी' असं होतं. हे मी तिला सांगितलं नाही.

दुसरी अडचण काजळाची. बाजारातलं पसरतं, म्हणून मी एरंडेलाच्या दिव्यावर वाटी धरून स्वतः काजळी धरली आणि त्यात मेण घातलं. पाण्याने हलणार नाही, घामाने हलणार नाही. सहा तास टिकेल असं वहीत लिहिलं. प्रत्यक्षात ते चार दिवस टिकलं, पण ते मागाहून कळलं.

तिसरी अडचण भुवया. आत्याच्या भुवया जहाज बांधायच्या दोरासारख्या. उपटू देणार नाही, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मग मी एक जुनी युक्ती शोधली. ओला साबण भुवईवर घासायचा, केस चपटे बसवायचे, वाळू द्यायचं, पुन्हा साबण. असे तीन थर, वर पावडर. भुवई गायब! मग तिच्यावर पेन्सिलीने हवी तशी काढायची. साबण बाथरूममधला चंदनाचा.

कार्यक्रम रविवारी, तीस नोव्हेंबरला, संध्याकाळी पाच वाजता. साडेबाराला मी आत्याला खिडकीशी बसवलं. तीन वाजता काम पूर्ण झालं. मी दोन पावलं मागे सरकून पाहिलं. कपाळावर लेसची पट्टी, तिच्यात मोराचं पीस, तिच्या आजीची मोत्यांची माळ, छोटे लाल ओठ. आत्याने हनुवटी वर केली, पापण्या अर्ध्या मिटल्या आणि मान हळूच वळवली. ही मान मी कधी पाहिली नव्हती. आमच्या घरात ती चौसष्ट वर्षं कुठे ठेवली होती कोण जाणे.

तेवढ्यात बाबा दादरहून भाजी घेऊन आले. माझे बाबा शामराव आत्याचे धाकटे भाऊ. त्यांनी दारातून तिचा चेहरा पाहिला, पिशवी खाली ठेवली, चप्पल न काढता आत आले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "ताई, कोणाचा फोन आला?"

दोष भुवयांचा होता. त्या इतक्या दुःखी उतरल्या होत्या की आत्या नुसती बसली तरी घरात कोणी गेल्यासारखं वाटायचं. बाबांची समजूत घालतोय तोवर शेजारच्या गंगुबाई डोकावल्या. त्यांना दुसरं दशक आलं होतं, त्या हातात कंदील घेऊन तयार होत्या.

"चंपा, कोण गेला गो?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"भुवया," आत्या म्हणाली, तेही ओठ न हलवता, कारण मी तिला ओठ हलवायला मनाई केली होती.

बाबांनी पाणी पिऊन भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि सहज विचारलं, "ताई, आज तीस तारीख. तुझा हयातीचा दाखला झाला ना?"

ज्यांच्या घरात पेन्शनर नाही त्यांच्यासाठी सांगते. पेन्शन घेणाऱ्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. आता ते फोनवर होतं. ॲप चेहरा बघतं, आधारवरच्या फोटोशी ताडून बघतं आणि तुम्ही जिवंत आहात की नाही ते सांगतं. मुदत तीस नोव्हेंबर. एका वर्षी आत्याची मुदत चुकली होती, तेव्हा ती चार महिने एका टेबलासमोर स्वतः उभी राहून मी आहे असं सांगत होती, आणि टेबलापलीकडचा माणूस कागद बघून नाही म्हणत होता.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. दोन मिनिटांचं काम आहे आत्या, मी करून देते, असं मी तीन तारखेपासून म्हणत होते.

कार्यक्रम झाल्यावर करू, असं मी म्हणून बघितलं. पण शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळे विसरभोळे एकदम जागे होतात आणि सर्व्हर आडवा होतो, हे बाबांना मागच्या वर्षीच्या अनुभवाने ठाऊक होतं. म्हणून आम्ही तसेच खाली उतरलो, हितेंद्रच्या झेरॉक्सच्या दुकानात. अख्ख्या चाळीचे दाखले तोच करतो. चौक ओलांडताना आत्याने मोराचं पीस एका हाताने धरलं होतं. मांडव बांधणारे हातातलं काम सोडून बाजूला झाले. एकाने तर टोपी काढली.

हितेंद्रने आधार नंबर टाकला, आत्याला पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसवलं, पांढरा दिवा लावला आणि फोन समोर धरला. फोन विचारात पडला. मग लाल झाला.

"आत्या, याचं म्हणणं आहे, तुम्ही तुम्ही नाही," हितेंद्र म्हणाला.

पुन्हा धरला. चेहरा सरळ ठेवा, असं ॲप म्हणालं. आत्याची मान वळलेलीच होती. मी ती सरळ केली. डोळे उघडे ठेवा, असं ॲप म्हणालं. आत्याच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या. एवढ्या मेहनतीने आलेली मुद्रा ती एका फोनसाठी सोडायला तयार नव्हती. मी विनवण्या केल्यावर तिने डोळे उघडले, तर ॲप म्हणालं, डोळे मिचकावा. तिने एकच मिचकावला, अगदी मूकपटातल्यासारखा. हितेंद्र लाजला.

पाच वेळा लाल. दुकान पत्र्याचं, वर दिवा, आणि पंखा फोटोतले केस उडू नयेत म्हणून बंद.

"पुसून टाक ना मित्रा," हितेंद्र म्हणाला. "तोंड धुवून आण त्यांना. एक मिनिटात होऊन जाईल."

आत्याने मला विचारलं, "पुसलं तर पाचपर्यंत परत होईल?"

पावणेचार वाजले होते. मला अडीच तास लागले होते. मी मनात तीनदा आकडेमोड केली आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

"नाही होणार," मी म्हटलं.

 आत्याने दुकानातल्या आरशात स्वतःकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग राहू दे दाखला. चार महिने मेलेली राहीन. पूर्वी राहिलेय, जमतं मला."

 मी तर बोलण्याच्या लायकीची नव्हतेच. हितेंद्र एका हातात फोन तसाच धरून दुसऱ्या हाताने उगाच झेरॉक्सचं झाकण उघडून बंद करत राहिला. पेन्शन सोडून देणारी आत्या मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तिच्यासमोर आम्ही तिघंच केविलवाणे दिसत होतो. दुःखी भुवया मात्र तिच्या होत्या.

मग भुवयांनी हालचाल केली. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस कमी येतो, हे मला पुस्तकातून ठाऊक आहे. आत्याच्या घामाने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. कपाळावरून एक थेंब निघाला, उजव्या भुवईत शिरला आणि तिथून शुभ्र फेस बाहेर पडला. बघता बघता तो पापणीवर आला. डाव्या बाजूनेही तेच.

"मित्रा, डोळ्यात आग होतेय."

मी रुमाल शोधेपर्यंत आत्याने दोन्ही मनगटांनी भुवया खसाखसा पुसल्या. दोऱ्याएवढ्या काळ्या रेघा गेल्या, पावडर गेली, आणि तिच्या मूळच्या दणकट भुवया ओल्या होऊन ताठ उभ्या राहिल्या. मुद्रा कुठल्या कुठे गेली. मान सरळ, डोळे मोठे आणि मिचकावणं तर असं, की थांबता थांबेना. हितेंद्रच्या हातातला फोन अजून तिच्या चेहऱ्यासमोरच होता.

फोन हिरवा झाला.

"झालं," हितेंद्र म्हणाला. "आत्या, तुम्ही जिवंत आहात."

माझी वही, माझं मेण, माझं शेडकार्ड यांपैकी कशानेही हे झालं नव्हतं. झालं ते माझ्या फसलेल्या प्रयोगामुळे. बाबांनी माझ्या पाठीवर थाप दिली, ती कशासाठी हे मी विचारलं नाही.

वर जाऊन मी नव्याने साबण लावायला घेतला. ओल्या केसांवर थर बसेना. एक वाळतोय तोवर दुसरा सुटायचा. पाचला दहा कमी असताना आत्याने माझा हात धरला.

"राहू दे. आजीच्या भुवया अशाच होत्या," ती म्हणाली.

छोटे लाल ओठ, काजळाची वर्तुळं, मोराचं पीस आणि वर गोदीतल्या भुवया, अशी आत्या स्टेजवर गेली. प्रत्येकीला अर्धं मिनिट दिलं होतं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं आणि उतरायचं. आत्या दुसऱ्या टोकाला गेली, मान वळवली, आणि परत निघाली. टाळ्या आल्या. तिसरी फेरी. सूत्रसंचालिका 'आता दुसरं दशक' असं दोनदा म्हणाली. विंगेत गंगुबाई कंदील घेऊन उभ्या होत्या आणि मालवणीत जे पुटपुटत होत्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्या चौथ्या फेरीला निघाली.

एवढ्यात मला दिसलं की भुवयांच्या मुळांशी राहिलेला साबण पुन्हा जागा होतोय. एक पांढरा ओघळ तिच्या गालावर उतरला. लोकांना वाटलं, आत्या रडतेय. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आत्याला मात्र समोरचं दिसेनासं झालं होतं आणि ती स्टेजच्या कडेकडे चालली होती!

मी धावले. खांद्यावर टॉवेल, कानामागे कापसाची काडी, नाकावर काजळी, अंगात साबणाचे डाग पडलेला कंपनीचा टी-शर्ट, एका पायात चप्पल. स्टेजच्या मधोमध मी आत्याला धरलं, तिचे डोळे टिपले आणि हळूहळू विंगेत घेऊन आले. प्रचंड टाळ्या झाल्या. मला वाटलं आत्यासाठी असतील.

परीक्षक म्हणून शीवहून एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, नम्रताबाई. त्या आमच्यातल्या कोणालाच ओळखत नव्हत्या. आजच्या दशकाची मेघना तिच्या ब्यूटी पार्लरमध्ये अडकून पडली आणि कार्यक्रम संपेपर्यंत आलीच नाही. नम्रताबाईंच्या कागदावर मात्र दहाही दशकांना गुण होते. निकाल सांगताना त्या म्हणाल्या की शंभर वर्षांपूर्वीची स्त्री आणि आजची मुलगी एकत्र आणण्याची कल्पना त्यांना फार भावली. आजची मुलगी तर हुबेहूब. दमलेली, विस्कटलेली, धावत आलेली, कशाचाच पत्ता नसलेली. इतकी अस्सल वेशभूषा त्यांनी अनेक वर्षांत पाहिली नव्हती. पहिलं बक्षीस त्या मुलीला, म्हणजे मला: पाच लिटरचा कुकर.

मी तो घेऊन खाली आले. आत्याने कुकर हातात घेतला, झाकण फिरवून पाहिलं, शिट्टी तपासली. मग गोदीत आलेला माल बघावा तसं मला नखशिखांत पाहिलं.

"तुझा मेकअप कोणी केला गं?" तिने विचारलं.

"तूच," मी म्हटलं.