भरलेली बॅग

लाँड्रीच्या काउंटरखाली, कुणीच न्यायला न आलेल्या कपड्यांच्या ढिगात, आपला कामाचा शर्ट शोधताना लिफ्टवाल्याला ताईची बॅग सापडली. दुसऱ्याची बॅग उघडू नये हे त्याला कळत होतं. पण चेन अर्धी उघडीच होती, आणि अर्ध्या उघड्या चेनीपुढे भल्याभल्यांचा संयम सुटतो. आत टॉवेल होता, गाउन होता, सपाता, नवा साबण आणि दात घासायचा ब्रश. ताई कुठेतरी निघाली होती, आणि त्याला सांगितलं नव्हतं.

ताई त्याची सख्खी बहीण नव्हती. तशी ती कुणाचीच नव्हती. ती, लिफ्टवाला, नर्स आणि शाळेची बस चालवणारा बसवाला, ही चौघंही लहानपणी सरकारी खात्याने दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला दिलेली मुलं. एका घराला नकोशी झाली की दुसऱ्या घरी रवानगी. लिफ्टवाल्याची तर इतकी घरं झाली होती, की लहानपणीचा पत्ता विचारला तर तो "कुठल्या इयत्तेतला?" असं विचारायचा. मोठेपणी ही चौघं एकमेकांना सापडली आणि दर शनिवारी संध्याकाळी ताईच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाभोवती चहाला बसू लागली. ताई वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून ताई.

त्यांचा एकच नियम होता. विचारायचं नाही, करायचं. लहानपणी खात्याच्या माणसांनी त्यांना झोप लागते का, पोट भरतं का, इथे आवडतं का, असं विचारून विचारून भंडावलं होतं आणि उत्तर मिळालं की पुढच्या घरी पाठवलं होतं. त्यामुळे प्रश्न आला की चौघंही उठून कामाला लागायची. मागे लिफ्टवाला तापाने फणफणला, तेव्हा कसं वाटतंय असं कुणीही विचारलं नाही. नर्स गोळ्या ठेवून गेली, बसवाल्याने फरशी पुसली आणि ताईने घरातल्या सगळ्या कपड्यांना इस्त्री केली, पायपुसण्यासकट.

तर नियमाप्रमाणे लिफ्टवाल्याने ताईला विचारलं नाही. केलं. बॅग उचलली आणि लाँड्रीच्याच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत नेऊन लपवली. बॅगच नसेल तर माणूस जाईल कसा, हा त्याचा हिशोब. हा हिशोब लहानपणीही एकदा चुकला होता. एका घरातून हलवायच्या दिवशी त्याने आपली पिशवी कौलांवर फेकली होती. खात्याच्या बाईंनी मुळीच वाद घातला नाही; कचऱ्याची काळी पिशवी मागून घेतली आणि त्याचे कपडे तिच्यात भरले. पण माणूस शहाणा झाला तरी भीती शहाणी होत नाही.

निघताना त्याने बाकीच्या दोघांना फोन करून बॅगेत काय काय होतं तेवढं सांगितलं. आपण ती पळवली, हे मात्र सांगायचं राहून गेलं. नर्सने गाउन, सपाता आणि साबण ऐकून हॉस्पिटल ओळखलं. बसवाल्याच्या मते ताई दुकान विकून कायमची चालली होती. दुसऱ्या दिवशी नर्स सहज म्हणून लाँड्रीत डोकावली, तर बॅग जागेवर नाही आणि ताईही नाही. तिने काळजावर दगड ठेवला आणि शहरातल्या सगळ्या हॉस्पिटलांना फोन लावले. ताई तेव्हा शेजारच्या दुकानात होती. माझी बॅग कुणी पाहिली का, असं रडवेल्या आवाजात विचारत फिरत होती.

दुपारी ताईने भर गर्दीच्या वेळी दुकानाचं शटर ओढलं आणि लिफ्टवाल्याला बोलावून घेतलं.

"चोरी झाली रे," ती म्हणाली. "गल्ल्याला हात नाही लावला. माझी बॅग तेवढी नेली."

तिचे डोळे सुजले होते. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. लिफ्टवाल्याने कबुली दिली. ताईने डोळे पुसले. मग "चल, दाखव," एवढंच म्हणाली, आणि दोघं लिफ्टमध्ये शिरली.

नेमका त्याच वेळी बसवाला तिथे पोचला, मागोमाग नर्स. त्यांना दिसलं ते एवढंच: दुकान बंद, ताई रडलेली आणि लिफ्ट गच्चीकडे निघालेली. बसवाल्याच्या मनात नको ते आलं. त्यानेही विचारलं नाही, केलं. जिन्याखालची पेटी उघडून मेन स्विच खाली ओढला आणि पेटीचं झाकण धाडकन आपटलं. झाकणाला कुलूप आपोआप लागायचं. त्याची किल्ली लिफ्टवाल्याच्या खिशात होती आणि लिफ्टवाला लिफ्टमध्ये, तळमजला आणि पहिला मजला यांच्या मधोमध लटकत होता.

"अरे, मी आहे आत," जाळीच्या दारातून लिफ्टवाला म्हणाला.

"तू काय करतोयस तिथे?" बसवाला म्हणाला. नियम मोडल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही. मग किल्ली खाली टाक म्हणून त्याने दहादा सांगितलं.

लिफ्टवाल्याने किल्ली हातात घेतली. जाळीतून सोडली की झालं, दोन मिनिटांचं काम. पण त्याचा हात थांबला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं एखादं माणूस त्याला सोडून जाऊ शकत नव्हतं, निदान लिफ्ट सुरू होईपर्यंत तरी. त्याने मूठ घट्ट मिटली.

"ताई," तो म्हणाला, "तू आम्हाला सोडून चाललीयेस का?"

ताई लिफ्टच्या कोपऱ्यात पाठ टेकून हळूहळू खाली बसली.

"ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "सोमवारी. पोटात गाठ आहे."

"मी म्हटलं होतं," खालून नर्स म्हणाली, आणि आपलं खरं ठरल्याचं तिला रडू आलं.

"मग सांगितलं का नाहीस?" लिफ्टवाल्याने विचारलं.

ताई नेसत्या कपड्याच्या टोकावरून इस्त्री करावी तसा हात फिरवत राहिली. "एका घरात मी छान रमले होते रे," ती म्हणाली. "त्या काकू माझी वेणी घालायच्या. मग मी आजारी पडले, लांबलं दुखणं. त्यांना झेपेना. बरी झाले तेव्हा दुसऱ्याच घरात होते. आजारी पडलं की घर बदलतं, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय. म्हटलं, गुपचूप जाऊन यावं. शनिवारच्या आत परत आले तर तुम्हाला कळणारही नाही."

लिफ्टवाला तिच्याशेजारी बसला. तो रडला. आपण बॅग लपवून तिला सकाळपासून उपाशी ठेवलं म्हणून रडला, आणि वेणी घालणाऱ्या त्या काकूंसाठीही रडला.

"ती बॅग माझ्याकडे अशी वर्षानुवर्षं भरलेलीच असते," ताई म्हणाली. "फक्त साबण बदलते अधूनमधून. या वेळी पहिल्यांदाच खरोखर लागणार होती. तुझी कुठे असते?"

"पलंगाखाली," लिफ्टवाला म्हणाला. त्याला खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

"माझी बसमध्ये, सीटमागे," खालून बसवाला पुटपुटला. नर्सची कपाटावर होती. एकमेकांनी सोडून जाऊ नये म्हणून जिवाचं रान करणारी ही चौघं, आणि चौघंही निघायच्या तयारीत.

लिफ्टवाल्याने मूठ उघडली. किल्ली जाळीतून खाली पडली.

सोमवारी ताई हॉस्पिटलात पोचली तेव्हा तिघंही दारात उभी होती. ठरवून आली नव्हती. तिघांच्याही हातात आपापली बॅग होती, कारण माणसाजवळ राहायचं तर कपडे लागतात, आणि ते भरलेले तयारच होते. वॉर्डच्या सिस्टरने चार बॅगा पाहिल्या, चार रडके चेहरे पाहिले.

"यातलं पेशंट कोण?" तिने विचारलं.

"मी," ताई म्हणाली. "ही माझी भावंडं."

सिस्टरने चौघांच्या चेहऱ्यांत साम्य शोधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. राहायला एकालाच मिळेल असं तिने बजावलं. पाळ्या लावा, आणि बॅगा मध्ये ठेवू नका, सामान त्या कपाटात लावून टाका, असं म्हणून ती गेली.

चौघं कपाटापुढे नुसती उभी राहिली. बॅग भरायची कशी हे प्रत्येकाला झोपेतही जमलं असतं. ती पूर्ण रिकामी करायची सवय मात्र कुणालाच नव्हती. डॉक्टरांनी गाठीबद्दल अजून धड काही सांगितलं नव्हतं, आणि ऑपरेशननंतर काय ते बघू म्हणाले होते. शेवटी लिफ्टवाल्याने आपला ब्रश काढला आणि बेसिनवरच्या ग्लासात, ताईच्या ब्रशाशेजारी ठेवला. मग नर्सने ठेवला. मग बसवाल्याने.

"अरे, एकालाच राहता येतं म्हणाली ना ती?" ताई म्हणाली.

नर्स आणि लिफ्टवाला आपापले कपडे कपाटात लावत होते. बसवाला आपली रिकामी बॅग घडी घालून पलंगाखाली सारत होता.